एकवेळचं जेवण

ता. ४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सलात चार ड्रेस आहेत, कमरेत तीन-तीन इंच आत घे. पाळी गेल्यापासून पोट काही केल्या हटत नव्हतं, तुला ठाऊकच आहे. मग फोनवर एक बाई सापडल्या. पन्नाशीनंतर दिवसाला एकच जेवण, असं त्या सांगतात. सहा महिन्यांत माझे अकरा किलो उतरले! आता मीही व्हिडिओ टाकते. ग्रंथालयाच्या काउंटरवर तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, कुणी मान वर करून बघितलं नाही. आता नऊ हजार बायका बघतात. आणि हो, शिवणीत माया सोडू नकोस, जादा कापड कापूनच टाक. मला परत जाड व्हायचं नाही.

तुझा लोभ वाढू दे, आता वाढायचं ते एवढंच.
तुझी धाकटी

ता. २० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

ड्रेस पाठवलेत. चाळीस वर्षांत माया न सोडता कपडा दिला नव्हता, तुझ्या हट्टापायी कात्री चालवली. दुकानात येणाऱ्या बायकांना तुझे व्हिडिओ दाखवते, माझी बहीण म्हणून मिरवते. आणि सांगू? महिना झाला, मीही रात्रीचं जेवण सोडलंय. तुझे भावोजी कुरकुरतात, पण त्यांना काय कळतंय. परवा मशीनवर बसले असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शरीर हलकं होताना असं होतं, हे तूच सांगितलं होतंस, म्हणून घाबरले नाही.

बारीक झालीस तरी मोठ्या बहिणीला विसरू नकोस.
तुझी ताई

ता. २९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे शेजारणीकडून लिहून घेतेय. माझं उजवं मनगट मोडलं. पडलेबिडले नाही गं, खिडकीची कडी ओढली, तेवढ्यानं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेल्यावर हाडं तशीही ठिसूळ होतात, त्यात मी उपाशी. काय खाता, असं त्यांनी विचारलं तेव्हा खरं सांगायची लाज वाटली.

तुझ्या अंधारीचं वाचलं होतं मी, ताई. वाचलं आणि खूश होऊन पुढे गेले. मलाही अंधारी येत होती, पण मला येते असं व्हिडिओत कधी बोलले नाही. ते सगळे काल काढून टाकले. नऊ हजार जणी कोण कुठल्या, मला माहीत नाही. तू मात्र माझ्यामुळे उपाशी राहिलीस, हे मनातून जात नाही. माझं एवढं ऐकलंस, तसं अजून एकदा ऐक. आज रात्री जेव आणि डॉक्टरांना दाखवून ये.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.
तुझी धाकटी

ता. ६ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांकडे जाऊन आले. रक्त कमी आहे, हाडांची तपासणी व्हायची आहे. सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. तुझी मापं माझ्या हातात होती. एवढी उतरलेली कंबर बघून शिंपिणीला नाही तरी बहिणीला कळायला हवं होतं. मी कौतुक करत बसले. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय.

तोवर हाताला जप आणि पोटभर जेव, हाच आशीर्वाद समज.
तुझी ताई

ता. क. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी ताट वाढून घेतलं. तुझे भावोजी माझ्या ताटाकडे नुसते बघत राहिले. वाढू का, असं मी विचारलं. मग खाली मान घालून म्हणाले की चार महिने ते एकटेच जेवत होते.