संध्याकाळी खिडकी लावून घ्या

मंगळवार, ४ मार्च

आजही जमलं नाही. बंद काचेतून फोटो काढला की सूर्यापेक्षा माझं नाकच मोठं दिसतं. वर रंगाऱ्याने कधीकाळी उडवलेले थेंब. उद्यापासून डास आले तर आले, खिडकी सताड उघडी ठेवायची.

एकच फोटो हवाय. रविवारी ट्रक येणार. नव्या शहरातल्या घराची खिडकी पूर्वेला – मावळतीचं ऊन काही तिथे यायचं नाही. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या खोट्या दातांचे रंग जुळवायचे, घरी यायचं आणि चपला काढायच्या आधी इथे उभं राहायचं. पाच मिनिटं. मग कुकर. अकरा वर्षं हेच. आलो तेव्हा लेक पाच वर्षांची, आणि दोन बॅगा. तिचा बाबा परत येणार नाही, हे मला इथेच उभ्या उभ्या हळूहळू पटलं. या पाच मिनिटांनी मला सांभाळलं.

बुधवार, ५ मार्च

लॅबमध्ये निरोपाचा चहा लांबला. घरी पोचले तोवर सूर्य गेलेला. लेकीने खिडकी मात्र सांगितल्याप्रमाणे उघडी ठेवली होती. "आई, सूर्य नाही मिळाला, पण डास भरपूर आलेत."

गुरुवार, ६ मार्च

समोरच्या इमारतीतल्या एक बाई भाजी घेताना भेटल्या. नुसती तोंडओळख. म्हणाल्या, "रागावू नका, पण संध्याकाळी खिडकी लावून घ्याल का? आमच्या सासऱ्यांना–" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि त्या घाईने गेल्याच.

सासऱ्यांना काय? आम्ही काय त्यांच्या घरात डोकावतो? अकरा वर्षांत कुणाची तक्रार नाही, आणि आता निघताना ही! मुद्दाम उघडी ठेवली. फोटोत नेमका ढग आला.

शुक्रवार, ७ मार्च

त्या बाई आज पाच मजले चढून घरी आल्या. मी दारातच उभं केलं त्यांना. आता लिहितानाही लाज वाटते.

सासरे बस चालवायचे. दोन वर्षं झाली, पाय उचलत नाहीत. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, आमच्याकडे तोंड करून. सूर्य त्यांच्या पाठीमागे मावळतो.

"पण तुमच्या काचेत दिसतो ना. रोज त्या वेळेला त्यांची खुर्ची सरकवून देते मी. खिडकी उघडली की दिसत नाही. परवापासून विचारतायत, खिडकीतल्या त्या बाई आजारी आहेत का?"



शनिवार, ८ मार्च

शेवटची संध्याकाळ. आकाश लख्ख. पात्याने रंगाचे थेंब खरवडले, काच पुसली, खिडकी घट्ट लावली. लेकीला तिथे उभं केलं आणि रस्ता ओलांडून गेले.

"या. तुम्ही इथे, मग तिकडे कोण?" काका म्हणाले.

"लेक आहे."

मी त्यांच्या खुर्चीशेजारी बसले. हळूहळू आमची काच तांबूस झाली, मग पेटलीच. एवढा उजेड माझ्या घरात आहे, मला माहीत नव्हतं.

उजेड ओसरला तसे काका म्हणाले, "आता तुमच्या कुकरची शिट्टी."

उद्या जाणार, हे मीच सांगितलं. ते म्हणाले, "वेळ झाली की गाडी सोडावीच लागते. आपली माणसं चढली ना, तेवढं बघायचं."

फोटो एकच काढला. सूर्य वाटाण्याएवढा. काचेमागे लेक हात हलवत होती म्हणे. दिसत नाही, पण आहे.

रविवार, ९ मार्च

किल्ली देताना घरमालकांना बजावलं – नव्या भाडेकरूंना सांगा, संध्याकाळी खिडकी लावून घ्या.

"डास ना?"

"डासही."

शुक्रवार, १४ मार्च

नव्या लॅबमधून आले. सवयीने चपलांसकट खिडकीत. समोर, दोन मजले वर, कुणाच्या तरी काचेत – सूर्य. बघत राहिले. तेवढ्यात आतून कुणीतरी खिडकी उघडली, आणि गेला.

उद्या जाऊन ओळख करून घेते.