कोंबड्या छापलेलं कापड

अक्रा, १४ ऑक्टोबर

प्रिय एन्योनाम,

धाकट्या बहिणीला आशीर्वाद. तू पाठवलेली सुकी मासळी पोचली, कांदेही पोचले. बसवाल्या कोर्कूने वाटेत त्यातले काही उचलले असणार, पण त्याचा चेहरा इतका निष्पाप होता की मी विचारलं नाही. तुझी पाठ कशी आहे? वाफ्यांत खारं पाणी तर नाही ना शिरलं?

फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज तुला लगेच कळतो. म्हणून पत्र, कोर्कूच्याच हाती.

तू शनिवारी लेकीची, सेफाकोरची, विद्यापीठातली खोली बघायला येतेयस. येऊ नकोस असं मी म्हणत नाही. रस्ता खोदलाय, ऊन फार आहे, एवढंच.

आधी गंमत ऐक. परवा विद्यापीठात सरकारी वसतिगृहाची पहिली कुदळ पडली. चर्चमधल्या आमच्या गाणाऱ्या बायकांना बोलावणं होतं. मंत्रीसाहेब पिवळं हेल्मेट घालून उभे, जणू न बांधलेली इमारत डोक्यावर कोसळणार होती. "दहा हजार खाटा," ते म्हणाले. टाळ्या झाल्या.

माझ्या शेजारी शिवणकाम करणारी अब्ला होती. ती पुटपुटली, "मागचा मंत्री आठ हजार म्हणाला होता. महागाई वाढली बाई."

"मग त्या आठ हजार कुठे गेल्या?"

"तुझ्या पाठीमागे."

मागे वळले. मागच्या सरकारचं वसतिगृह उभं होतं. चार मजले, नुसते खांब आणि स्लॅब. दारं नाहीत, खिडक्या नाहीत. नवं सरकार त्याला हात लावत नाही. दुसऱ्याच्या बाळाचं बारसं आपण का करायचं? सोमवारी बुलडोझर येतोय, ते पाडून तिथेच नवं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खांबांना दोरी बांधली होती आणि दोरीवर कापड वाळत होतं. लाल, कोंबड्या छापलेलं. काठाशी इस्त्रीचा डाग आणि त्यावर तू हिरव्या दोऱ्याने घातलेलं ठिगळ. माझी ओळ चुकली. गाणं शिकवणाऱ्या मास्तरांनी डोळे वटारले.

कार्यक्रम संपल्यावर वर गेले. जिन्याला कठडा नाही, एन्यो. वर चटया, बादल्या आणि पाचसहा मुली. आपली सेफाकोर भात ढवळत होती.

"मावशी, चपला काढ. आम्ही झाडतो इथे."

"तुला वसतिगृहाच्या हॉलमध्ये खाट आहे ना?"

"पहिल्या वर्षी होती. दुसऱ्या वर्षी आपण मोठे झालो असं धरतात आणि खाट काढून घेतात. मग मैत्रिणीकडे पर्च केलं."

पर्चर म्हणजे दुसऱ्याच्या खोलीत चोरून राहणारी, पक्षी फांदीवर टेकतो तशी टेकलेली. दोन खाटांच्या मधे झोपायची म्हणे. पहाटे हॉलचा पहारेकरी टॉर्च घेऊन आला आणि हिची गादी बाहेर गेली.

"इथे भीती नाही वाटत?"

"पाळीपाळीने जागतो. आईला सांगू नकोस. ती म्हणेल, खाट नसेल तर घरी ये आणि कांदे लाव."

तू म्हणशीलच. प्रवेश मिळाला त्या दिवशी माझ्यासमोर म्हणाली होतीस.

आणि आता विचारशील, अगं, मग तू तिला तुझ्या घरी का नेलं नाहीस? केव्हाची विचारत असशील आणि मी तुला मंत्र्याचं हेल्मेट दाखवतेय. तिनेही विचारलं, "मावशी, तुझ्याकडे येऊ?" मी म्हटलं, छप्पर गळतंय.

छप्पर गळतही असेल. पण ते आता माझं नाही. जूनमध्ये घरमालकाने पुढच्या दोन वर्षांचं भाडं एकदम मागितलं आणि माझ्या सामानाला गल्ली दाखवली. तेव्हापासून मी अब्लाच्या मशीनमागे झोपते. तिचा जावई आला की मला गाण्याच्या सरावाची आठवण होते आणि मी बाहेर सटकते. विद्यापीठातल्या पोरींवर मी केवढी हसायचे. पन्नाशीत पर्चर झाले, तेही परीक्षा न देता.

तुला कळवलं नाही, कारण गावात तू सगळ्यांना सांगतेस की अक्रात माझ्या बहिणीचं घर आहे.

काल अब्लाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आण पोरीला. मशीन व्हरांड्यात काढू. पण जावयाला काय सांगायचं ते तू ठरव, तुझी जीभ लांब आहे." जीभ आहे, जागा नाही. जावई कधी येईल याचा नेम नाही. म्हणून दाराकडे कान ठेवून लिहितेय.

शनिवारी ये. खोली दाखवता येणार नाही, आम्ही दिसू. सोमवारच्या आत तिला त्या मजल्यावरून उतरवायचंय, आणि ती माझं ऐकत नाही. मी तुझ्या सांगण्यावरून तिला उचलून गावी पाठवेन असं तिला वाटतं. तू समोर येऊन सांग की शीक. कांद्यांचं नाव काढू नकोस.

येताना एक चटई आण. तुझ्यासाठी इथे नाही.

तुझ्या लेकीच्याच फांदीवर टेकलेली,
तुझी मोठी बहीण
कफुई