माठावरचा तळहात

माय,

मागच्या रविवारी घरात नवे स्पीकर आणले. जोडी आहे, पुस्तकांच्या कपाटात मावेल एवढी, काळी, पुढं जाळी. तू असतीस तर आधी पदरानं त्यांच्यावरची नसलेली धूळ पुसली असतीस आणि मग विचारलं असतंस, "कशाला? टीवीला आवाज न्हाई का?" आवाज आहे माय, पण हल्लीचे टीव्ही इतके पातळ झालेत की त्यांच्यात आवाजाला जागाच उरलेली नाही. पिक्चरमध्ये माणसं हळू बोलली की काही कळत नाही, आणि कळावं म्हणून वाढवलं की पुढच्याच मारामारीत शेजारचे दार वाजवतात. तुझी नात म्हणाली, घरात थेटरसारखं करू. तुझ्या सुनेला संध्याकाळी भाजी निवडताना जुनी गाणी हवी होती. दोन्हींना पुरेल आणि आपल्या ऐपतीत बसेल असं काहीतरी शोधायचं काम माझ्याकडे आलं. मी ते पेपरातल्या बातमीसारखं अंगावर घेतलं. दोन महिने वाचत होतो, लोकांना विचारत होतो. पाच पाच स्पीकरचा स्वस्त संच घेण्यापेक्षा दोनच चांगले घ्यावेत, बाकीचे पुढं सवडीनं जोडता येतात, हे कळलं. नाव बुकशेल्फ असलं तरी कपाटात कोंबायचे नसतात, मागं भिंतीपासून वीतभर जागा सोडायची, बारीक आवाजाचा छोटा गोल पडदा बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणायचा, हेही कळलं. नात एकदा वैतागून म्हणाली, "पप्पा, स्पीकर घेऊन राह्यले का जावई शोधून राह्यले?" तुझी सून आतून म्हणाली, "जावई एवढ्यात मिळाला असता."

शेवटी जालन्यातल्याच एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्याहून वयानं थोडा मोठा, बोलका. "सर, गाण्यावर फसू नका," तो म्हणाला. "गाण्यात सगळेच स्पीकर गोड बोलतात. माणसाचं बोलणं लावून बघा. बोलणं बराबर आलं तर पिक्चरही बराबर आणि गाणंही." मग त्यानं दोन जोड्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही आमच्या आवाक्यातल्या. एकीचा डबा जाड, जड. दुसरीचा पातळ, हलका. त्यानं माझा हात धरला आणि पहिलीच्या माथ्यावर ठेवला. आत कुणीतरी भरभरून बोलत होतं आणि हाताला काहीही लागत नव्हतं, दगडावर ठेवल्यासारखं. "चांगला डबा मुका असतो सर. बोलायचं काम पडद्यानं करायचं, डब्यानं न्हाई. आता इकडं बघा." त्यानं हात उचलून दुसऱ्या जोडीवर ठेवला. तो डबा थरथरत होता. "बघा, अंग हलवून राह्यला. याच्यानं आवाज गढूळ होतो. हा नका घेऊ." तो पुढं काही सांगत होता, आतल्या आडव्या फळीबद्दल असेल. मला ते ऐकू येत नव्हतं. माझा हात तिथंच होता, आणि हातापाशी तू आली होतीस.

जाफराबादचं आपलं घर आठवतं. स्वयंपाकाची खोली आणि बसायची खोली एकच. चुलीच्या पलीकडं कोपऱ्यात तो माठ, बुडाला तडा गेलेला, पाणी धरत नाही म्हणून फेकायला काढलेला. दादांनी रेडिओवाल्या टेपचा सुटा स्पीकर त्याच्या तोंडावर उपडा बसवला, कारण तेव्हा गावात सगळेच असं करायचे, माठातून आवाज घुमतो म्हणून. तू भाकरी झाल्या की हात धुऊन तिथं येऊन बसतेस. पाठ भिंतीला आणि उजवा तळहात माठाच्या पोटावर, पोटुशी बाई ठेवते तसा. डोळे मिटलेले. दादा म्हणायचे, "तुझ्या मायला गाण्याची लई हौस." आम्ही सगळे तेच समजत होतो. तू कधी बोटानं ताल दिला नाहीस, कधी गुणगुणली नाहीस, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीपासून होळीपर्यंत तू जिनिंगवर कामाला असायचीस. मशिनींच्या दोन रांगा, समोर बाया, कापूस टाकत राहायचा. एकदा डबा द्यायला आलो होतो. दारातच कानांत दडे बसले. आत तुम्ही सगळ्या बोलत होतात, हसत होतात, आणि एकीचाही आवाज येत नव्हता. तुम्ही एकमेकींचे ओठ बघून बोलायच्या. पलीकडच्या रांगेतली बाई नवऱ्याविषयी काय बोलली ते तू संध्याकाळी आम्हाला जसंच्या तसं सांगायचीस. केसांत, भुवयांत कापूस चिकटलेला, आणि सांगणं इतकं रंगलेलं की दादा जेवायचे थांबायचे. घरी आलीस तरी आवाज जिनिंगचाच असायचा. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "का गं, भांडून राह्यली का कुणासंगं?" आणि तू तितक्याच जोरात म्हणायचीस, "न्हाई वो, पोराला चहा विचारून राह्यले!"

मी पाठमोरा राहून बोललो की तुला चालायचं नाही. पीठ भरलेल्या हातानं हनुवटी धरून तोंड आपल्याकडं फिरवायचीस. "मायसंगं पाठ करून बोलतो का? तोंड दाखव अन् मंग बोल." मला ते वळण वाटायचं, मोठ्यांशी कसं बोलावं याचं. मी तुझ्यासमोर उभा राहून, तोंड दाखवून बोलायला शिकलो आणि तू प्रत्येक गोष्टीला नेमकं उत्तर देत गेलीस. म्हणूनच तुझे कान कधी गेले ते कुणाला कळलं नाही. जिनिंगमध्ये तर सगळ्याच बाया तशा. "जरा कमी ऐकू येतं" म्हणजे किती कमी, हे विचारायची आपल्याकडं रीत नव्हती.

मग तो दिवस. पेपरात लागून मला थोडीच वर्षं झाली होती, आणि रेडिओवर भाषण द्यायला बोलावलं होतं. विषय माझ्यावर सोपवला होता. मी तुमच्या जिनिंगवर लिहिलं, आणि शेवट तुझ्यावर. बोलणं आधी ध्वनिमुद्रित झालं होतं, त्यामुळं ते लागलं तेव्हा मी घरीच होतो. चुलतभावानं भाषण भरून घ्यायला दुसऱ्या टेपवर कॅसेट लावून ठेवली होती. तू अंगणातून बायांना बोलावलंस, सगळ्यांना बसवलंस आणि स्वतः माठाजवळ बसून तळहात टेकवलास. माझं वाक्य असं होतं: "मला लिहायला माझ्या आईनं शिकवलं. तिला लिहिता येत नाही, पण तिनं दिवसभर पाहिलेलं ती संध्याकाळी सांगायची, आणि मी आजवर जे लिहिलं ते तिच्या सांगण्याची नक्कल आहे." घरात मी असं कधी बोललो नसतो. आपल्या घरात असं कुणी बोलत नाही. म्हणून तर रेडिओवर बोललो. पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी काचेमागचा माणूस वेळ संपत आल्याची खूण करत होता, आणि मला वेळेत संपवायची सवय लागलेली. तेच वाक्य मी धावत धावत म्हणून टाकलं.

भाषण संपलं. बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. तू हात काढलास, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बराबर बोललास. पर शेवटी पळालास. एवढी जल्दी कशाची रे?"

मी हसलो. मनात म्हटलं, ऐकलं हिनं. नेमकं शेवटाचंच बोलली म्हणजे शब्द न् शब्द ऐकला. आता पुन्हा सांगायची गरज नाही, सांगून झालं. त्या समजुतीवर मी पुढची सगळी वर्षं काढली. तुझ्याशी घरातलं, शेतातलं, सगळं बोललो. ते वाक्य पुन्हा नाही.

शेवटच्या आजारपणात तुला इथं जालन्यात आणलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडासमोर फाईल धरली आणि तुझं नाव विचारलं. तू हसत बसलीस. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. तू माझ्याकडं बघितलंस, मी काय सांगतो ते बघायला. डॉक्टर म्हणाले, हे आजकालचं नाही, फार जुनं आहे. कानाला लावायचं यंत्र दिलं. एकदा लावलंस, सुनेनं ताट ठेवलं तशी दचकलीस. "जिनिंग पुन्हा चालू झाली की गं," म्हणालीस आणि काढून डबीत ठेवून दिलंस. त्या दिवसांत मी तुझ्यासमोर बसून, तोंड दाखवून विचारलं होतं, "माय, माझं रेडिओवरचं भाषण झालं, तेव्हा तुला ऐकू येत होतं का?" तू म्हणालीस, "येत होतं की. सांगितलं न्हाई का, शेवटी पळालास म्हणून?" मला तेवढं पुरलं. ते हिवाळ्यात. उन्हाळा तू पाहिला नाहीस.

परवा दुपारी दोघी मायलेकी वडीगोद्रीला साखरपुड्याला गेल्या होत्या. घरात मी एकटा. मागच्या दिवाळीत नातीनं ती कॅसेट फोनमध्ये घेऊन दिली होती, ती लावली. आधी नुसती ऐकली. कोवळा आवाज आहे, कुणा दुसऱ्याचा वाटावा असा. मग देवघरातला वातीचा कापूस घेतला, कानांत बोळे घातले, वरून नातीचे हेडफोन चढवले आणि खाली फरशीवर बसलो. पाठ भिंतीला. उजवा तळहात दुकानदारानं नको म्हटलेल्या त्या हलक्या डब्याच्या माथ्यावर. भाषण पुन्हा पहिल्यापासून.

माय, मला काहीही कळलं नाही. प्रत्येक शब्द माझा, पाठ असल्यासारखा, तरी कुठं जिनिंग आलं, कुठं कापूस आला, कुठं तू आलीस, हाताला काही कळेना. थरथर यायची, थांबायची, पुन्हा यायची. दम घेतो तिथं खंड पडायचा, एवढंच. आणि मग शेवटाकडं ते खंड मिटले. हाताखाली एकसारखी, दाटीवाटीची थरथर सुरू झाली, जिना उतरताना तोल गेलेल्या माणसाच्या पावलांसारखी, आणि एकदम बंद. मी पळालो होतो. तू सांगितलंस तसाच.

म्हणजे तू खोटं बोलली नव्हतीस. तुला पोचलं ते तू मला सांगितलंस. माझी घाई तेवढी पोचली होती. त्या घाईत काय होतं ते अंगणातल्या सगळ्या बायांना कळलं, शेजारणीला कळलं, तुला नाही. आणि त्या पदर डोळ्यांना लावत होत्या तेव्हा तू त्यांच्याकडं बघून काय समजलीस, हे आता कुणाला विचारू? पोराचं भाषण चांगलं झालं, एवढंच समजली असशील.

हात तसाच ठेवून मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. सावकाश, ओठ नीट हलवून, तुझ्यासमोर बोलायचो तसं. समोर भिंत होती आणि तिच्यावर टीव्ही. त्याच्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसत होतं.

संध्याकाळी दोघी आल्या. तुझ्या सुनेनं गाणं लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "आवाज जरासा घुमतो का हो?" नात म्हणाली, "पप्पांनी दोन महिने अभ्यास करून घेतलाय, काहीतरी असेलच." मी म्हटलं, हो, आवाज आवडला म्हणून घेतला. हे पत्र तुला मिळायचं नाही आणि त्या दोघींना मी दाखवणार नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. दुकानात मी आवाज ऐकलाच नव्हता.