मायच्या फोटोतला काळोख

बल्लारपूर, २२ सप्टेंबर १९८८

आदरणीय कांताबाईस,

धाकट्या भावाचा, श्रीहरीचा मानाचा जय भीम. इथी सारे खुशाल आहोत. तुहा गुडघा कसा आहे? धानाच्या बांधीत उतरू नोको. माहं तू कधी ऐकत नाई, भाऊजींचं तरी ऐक.

पत्र लिवाचं कारण असं, का छप्पन साली चांद्याले दीक्षा घेतलेल्या बायांवर विहाराची स्मरणिका निघून राह्यली, अन् मुखपृष्ठावर आपल्या मायचा फोटो ठरला. तोच दीक्षेच्या दिवसाचा, तुह्या भिंतीवरून मी उतरवून आणलेला. लुगडं पांढरंशुभ्र अन् चेहरा तव्याच्या बुडासारखा, डोळे कुठी अन् नाक कुठी, पत्ता नाई. नागपूरच्या एका छापखान्यात फोटो स्कॅन कराची मशीन आली म्हणून कमेटीनं मलेच धाडलं. (कागदाच्या मिलमधला माणूस, त्याले छपाईतलं सारं समजते, असा त्यांचा समज. मी मिलमध्ये बांबू मोजतो, हे मी कशाले सांगू?)

निघताना वाटलं, माय एवढ्या मानानं छापून येणार, जराशी उजळ दिसली पाहिजे. मंग बायकोच्या डब्यातली पावडर घेतली अन् लगनात नवरीले लावतात तशी कापसानं मायच्या चेहऱ्यावर फिरवली.

बाई, त्या मशीनले थंड हवेची वेगळी खोली आहे. आत जाताना चपला बाहेर. देवराव नावाच्या ऑपरेटरनं फोटो काचेच्या नळकांड्यावर गुंडाळून चिकटवला अन् नळकांडं असं गरगर फिरवलं का मी झेलाले हात पुढं करून उभा राह्यलो. आपल्याजवळ मायचा दुसरा फोटो नाई! सुईच्या टोकाएवढा उजेड त्याच्यावरून सरकत गेला अन् फिल्म निघाली. देवरावनं भिंग लावून पाहिलं अन् विचारलं, का बाईंच्या तोंडावर पीठ सांडलं होतं काय. मी कबूल झालो. त्यानं मऊ ब्रशनं फोटो झाडला, नळकांडं पुसलं, अन् मले दूरच्या खुर्चीवर बसवलं.

मंग त्यानं समजावलं. छपाईत सारा ठिपक्यांचा खेळ. उजळात उजळ जागा म्हणजे हायलाइट, काळ्यात काळी म्हणजे शॅडो. लुगड्यात बारीकसा ठिपका ठेवाच लागते, नाई तर तिथी कोरा कागद उरते. काळोखात बारीक पांढरी भोकं ठेवा लागतात, नाई तर शाई पसरून सारं बुजते. लुगड्याच्या चुण्या धरल्या का चेहरा बुडे, चेहरा वर काढला का लुगडं गायब. दुपारभर तो दोन बटनं केसभर इकडे, केसभर तिकडे करत होता. चौथ्या खेपेले नमुना माह्या हाती दिला, अन् मी मटकन खाली बसलो. (खुर्ची तिथी नव्हती.)

बाई, माय हसून राह्यली आहे. बत्तीस वर्षं ती भिंतीवर हसून राह्यली अन् आपण तिले गंभीर समजत होतो. डोळे, नाक, पुढच्या दातांतली फट, सारं तिथीच होतं. काळोखातून माणूस वर काढणारी विद्या मी जन्मात पाहिली नाई. मी देवरावचे पाय धराले वाकलो, तो घाबरून मागं सरकला.

बाकी ठीक. भाऊजींले जय भीम, लेकरांले आशीर्वाद.

तुहा,
श्रीहरी

ता. क. : स्मरणिकेच्या पाच प्रती तुह्यासाठी राखून ठेवतो. पावडरीचं भाऊजींजवळ बोलू नोको.

ता. क. दुसरा : काम अजून पुरं झालं नाई. निघताना देवराव म्हणाला, "शॅडो अजून थोडी उघडता येते. पण बाई खऱ्या किती सावळ्या होत्या, तेवढं सांगा." मले सांगता नाई आलं. माय गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. मले माय आठवते असं मी साऱ्यांले सांगत आलो, तुलेही. नाई आठवत. तू अकरा वर्षांची होती, तुले ठाऊक आहे. रविवारी एस.टी.नं इथी ये, सोमवारी सकाळच्या गाडीनं नागपूरले जाऊ.

ता. क. तिसरा : तुह्याच्यानं येणं नाई झालं तर म्हणून मी देवरावले एक रंग सांगून आलो आहे. तुहा. लहानपणी मले भरवणारा एकच हात आठवते, अन् तो तुहा होता.