अर्धी सोडायची धून

३ मार्च
पोचलो एकदाचा! हॉटेलच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायची कायमची नोकरी, वर राहायला खोली. खिडकीला झकास पडदा आहे, पडद्यामागे मात्र भिंत. चालायचंच. बायको फोनवर म्हणाली, फुंकून फुंकून शेवटी घर उभं केलंस म्हणायचं! लवकरच ती आणि आमची लेक चिमी इथे राहायला येतील. आज मी भलताच खूश आहे.

५ मार्च
माझ्या आधीचा क्लॅरिनेटवाला गावाबाहेरच्या वळणावर गाडी उलटून गेला. तिथे त्याचं स्मारक आहे. कमरेएवढा दगड आणि त्यावर काचेत फोटो, गाल फुगवलेला. आज वाद्यवृंदातले सगळे मला तिथे घेऊन गेले. नव्या वादकानं त्याची आवडती धून वाजवायची, पण शेवटची ओळ सोडून द्यायची, असा यांचा रिवाज. धून पुरी झाली की तो सुटतो आणि वाजवणारा अडकतो, असं व्हायोलिनवाल्या काकांनी दोनदा बजावलं. मी मान डोलावली. पण शेवटाशी आल्यावर बोटं थांबेनात. जन्माची सवय, सूर अधांतरी सोडवेना. वाजवली पुरी. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडले आणि मला हसू आलं.

९ मार्च
सकाळी दाढी करायला आरशापुढे उभा राहिलो, तर तोंडात क्लॅरिनेट. तीच धून वाजवत होतो. पेटीतून कधी काढलं, आठवत नाही. काकांना सांगितलं, तर ते दार लावून बसले. घाबरून बायकोला फोन केला. गाडी घेऊन निघतेच, म्हणाली. नको म्हणायचं सुचलं नाही.

१० मार्च
नोकरी गेली खड्ड्यात. पहिली बस पकडली. वळणावर बस थांबली नाही, तरी मी खाली उभा, दगडापाशी. काचेत फोटो नाही. चालत निघालो, पुन्हा दगड. उलटा निघालो, पुन्हा दगड. फोनला रेंज नाही.
मघाशी एक ट्रक आला. बोटं आपोआप चालली. चालकानं आवाजाकडे मान वळवली आणि चाकं कडेवरून घसरली. थोडक्यात वाचला. त्या बिचाऱ्या क्लॅरिनेटवाल्यानंही इथे असंच काही ऐकलं असणार.
बायको याच रस्त्यानं येणार.

दुपार
क्लॅरिनेट दरीत फेकलं. मांडीवर आहे.
लिहीत असलो की बोटं तिकडे जात नाहीत. म्हणून लिहितोय. काहीही. दगड. गवत. बायकोचा निळा स्वेटर. चिमीचा पडलेला दात—
खाली आपली गाडी दिसली. चिमी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली असेल, किती वेळा सांगितलं—
लिही. थांबू नको. लिही.
डावा हात गेला. वाद्यावर. ओठही. एकट्या डाव्या हातानं वरचे सूर निघतात, निघतायत—
चिमी हात हलवतेय. बायकोनं मान वळव—
उजवा हात माझा आहे. लिही. उजवा अजून माझ्या—