सत्काराचा नारळ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की अल मनखूलच्या आपल्या त्या इमारतीत तुम्हाला ओळखणारं आता कुणी उरलं नसेल. इमारत आहे अजून. मागच्या आठवड्यात अबुधाबीहून कामासाठी दुबईला आलो होतो, तेव्हा उगाच वळसा घालून गाडी तिच्यासमोरून नेली. दुसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. हॉलमध्ये पार्टिशन टाकून तुम्ही दोन नर्स मुलींना जागा दिली होती, म्हणून गणिताचा क्लास ओट्याला चिकटवलेल्या टेबलावर चालायचा आणि आमच्या वह्यांना कायम फोडणीचा वास यायचा. कुणाचं डोकं चालेनासं झालं की तुम्ही त्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचात आणि त्याला खवणीवर बसवायचात. "अर्धी वाटी खव, मग बघू." मला वाटायचं, बाई फी पण घेतात आणि कामही करून घेतात.

बारावीच्या डिसेंबरात मला अमेरिकेतल्या एका कॉलेजात जागा मिळाली. मिळाली म्हणजे अटीवर मिळाली होती: शेवटच्या वर्षाचे मार्क आधीसारखेच राहिले पाहिजेत, नाहीतर जागा काढून घेऊ. "बाबा, इट्स कंडिशनल," मी म्हणालो. बाबा तेव्हा कॅफेटेरियांना मसाले पुरवायचे आणि दिवसभर सगळ्या जगाशी बोलून घरी आले तरी त्यांचा सूर उतरत नसे. "कंडिशनल कसलं, हबीबी? खलास! काम झालं!" त्याच संध्याकाळी ते बर दुबईतून पेढे घेऊन आले आणि आमच्या चौथ्या मजल्यावरचं एकेक दार वाजवत सुटले. आपल्या माणसांना धीर म्हणून नसतो. जानेवारीत इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात माझा सत्कारही झाला. शाल, श्रीफळ, टाळ्या. ते श्रीफळ आईनं देव्हाऱ्यात ठेवलं आणि सांगितलं, अमेरिकेचा व्हिसा लागला की फोडायचं. रोज पूजा झाली की त्याच्यावर पाणी शिंपडायची, सुकू नये म्हणून.

तुम्ही मात्र पेढा घेऊन तो बशीत तसाच ठेवला होता. "परीक्षा मार्चमध्ये आहे ना?" एवढंच विचारलंत. मला तुमचा रागच आला.

प्रिलिममध्ये गणित घसरलं, फिजिक्स त्याहून घसरलं. आणि मग मी घाबरलो, बाई. तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सांगतो. पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीतच अमेरिकेतलं कुणीतरी माझे मार्क बघतंय असं वाटायचं. गणित अर्ध्यावरच राहायचं, मी पुस्तक मिटायचो, आणि मिटलं की आणखी भीती वाटायची. बाकीच्यांना वाटायचं, फार तर दुसरं कॉलेज बघेल. पण माझ्या वर्गातल्या मुलींना लग्न होईपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहता येत होतं. मुलगा अठरा वर्षांचा झाला की शिकत असेल तरच, आणि बारावीनंतर शिकायला इथे तेव्हा फारशी कॉलेजं नव्हती. म्हणजे ती जागा गेली तर तिकडचे घेणार नाहीत आणि इकडे राहता येणार नाही. मग उरलं कोल्हापूर, काकांचं घर, जिथे मी फक्त जुलैच्या सुटीत पाहुणा म्हणून गेलेलो. ज्या गावात मी जन्मापासून राहत होतो तिथून मला एका मार्कशीटवर उचलून बाहेर ठेवणार होते, आणि आमच्या घरात बॅगा आणि थंडीचे कोट घेणं चाललं होतं.

एकदा तुमच्या टेबलाशी मी नुसताच बसून राहिलोय. समोर इंटिग्रेशन, बाजूला कुकरची शिट्टी. तुम्ही माझी वही ओढून घेता. "जागा अमेरिकेतली आणि चुका दहावीतल्या! लक्ष कुठंय तुझं?" मी रडायला लागतो. सतरा-अठरा वर्षांचा घोडा, नाक पुसत रडतो. तुम्ही गॅस बंद करता. मग म्हणता, "घरी सांग की भीती वाटते." मी म्हणतो, "आय कान्ट, बाई. दे'व ऑलरेडी टोल्ड एव्हरीवन." तुम्ही मान हलवता आणि मला खवणीवर बसवता. त्या दिवशी खोबरं खवून झालं तरी गणित सुटलं नाही.

बोर्डाचा निकाल लागला तेव्हा टक्के ऐकूनही बाबा हसले. "पास झाला ना? पुढे इन्शाल्ला अमेरिका." मी रोज फोनजवळ घुटमळायचो. जूनमधल्या एका सकाळी देव्हाऱ्यातून कट्‌ असा आवाज आला. नारळ तडकला होता, शेंडीपासून खालपर्यंत. आईचा चेहरा पांढरा पडला. तिनं तो पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "खाडीत सोडून ये. बाबांना सांगू नकोस." मी चपला घालतोय तोच फोन वाजला आणि मीच उचलला. शाळेतून होता. कॉलेजचा फॅक्स आला होता. जागा काढून घेतली होती. मी "ओके, थँक यू, मिस" म्हणालो. आईनं विचारलं कुणाचा, तर म्हणालो, राँग नंबर.

खाडीपर्यंत पोचलोच नाही. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबवली आणि तुमच्या दारात पिशवी घेऊन उभा राहिलो. "बाई, गेली," म्हणालो. तुम्ही आधी मला पाणी दिलंत, मग पिशवीत डोकावलात. "आणि हे काय?" मी सांगितलं. "अगं बाई! एसीच्या कोरड्या हवेत नारळ तडकणार नाही तर काय करणार?" तुम्ही तो ओट्यावर आपटून फोडलात, वास घेतलात. पाणी कधीच आटलं होतं, खोबरं जून झालं होतं, पण चांगलं होतं. खवणीवर ते घसरायला लागलं तेव्हा तुम्ही किसणी दिलीत. मी किसत होतो आणि हुंदके देत होतो, आणि तुम्ही साखर मोजत होतात. वड्या थापून, कापून झाल्यावर तुम्ही पदर खोचलात आणि ताट उचललंत. "चल. जिथे जिथे पेढे गेले तिथे तिथे हे जाऊ दे. पहिलं दार तुमचं. तिथे मी बोलणार नाही."

मी तुमच्या हाता-पाया पडलो, आठवतंय? जिन्यात अक्षरशः वाकून म्हणालो, नको, बाई, प्लीज. त्या वेळी जगात मला तुमच्याइतकं दुष्ट कुणी वाटत नव्हतं. बाबांनी दार उघडलं. जेवायला घरी आलेले, बनियन आणि लुंगीवर. तुम्हाला बघून "या या, बाई" म्हणाले. मी म्हणालो, "बाबा, जागा गेली. शाळेतून फोन आला होता." मागे आईच्या हातातलं काहीतरी पडलं. "खलास?" बाबांनी विचारलं. मी म्हणालो, "खलास." मग त्यांनी ताटातली एक वडी उचलली, तोंडात टाकली, सावकाश चावली. आणि तुमच्या हातातून ताट काढून घेतलं. शर्ट घातला नाही, चपला घातल्या नाहीत. शेजारच्या सिंधी काकांच्या दारावर स्वतः बेल वाजवली. "लडके का अमेरिका कॅन्सल हो गया. कोल्हापूर में पढेगा," ते म्हणाले, पेढ्यांच्या दिवशी बोलले होते त्याच मोठ्या आवाजात. "लो, नारियल की वडी." मग त्याच्या पुढचं दार. मग त्याच्या पुढचं.

त्यानंतर कोल्हापूरला निघेपर्यंत मला लिफ्टमध्ये एकानंही विचारलं नाही, फ्लाइट कधी आहे म्हणून. मी तिकडेच शिकलो आणि बऱ्याच वर्षांनी इथे परत आलो, स्वतःच्या व्हिसावर. तुम्ही त्याआधीच गेला होतात. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मी कॉलेजच्या मेसमध्ये जेवत होतो, आणि फोनवरून परत येऊन जेवण पुरं केलं, कारण दुसरं काय करायचं ते कळेना.

हे कुठे पाठवणार? दुसऱ्या मजल्यावरच्या टॉवेलवाल्यांना? तेव्हा एकच गोष्ट सांगतो आणि कागद ठेवून देतो. मी ही हकिकत बायकोला सांगितली, मित्रांना सांगितली, आणि दरवेळी असं सांगितलं की दारोदार फिरताना बाबांनी मला धीर द्यायला माझ्या खांद्यावर हात ठेवला होता. हात होता, बाई. पण त्यांचा सगळा भार त्या हातावर होता. शेवटच्या दाराशी तर मला वाटलं, मी जरा सरकलो तर ते पडतील. तुम्ही मागे होतात, तुम्हाला ते दिसलं नसेल. मी सरकलो नाही.