टॅपेटची चावी

रविवार, १४ जून

तीर्थरूप आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? जाऊबाईंनी आणलेल्या तेलाने उतार पडला का? फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून दचकू नका. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मग माझं बोलणं जाऊबाई तुमच्या कानाशी ओरडून सांगतात. आजचं ओरडून सांगण्यासारखं नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आधी चांगली बातमी. गाडी सुरू झाली.

तुम्ही दर वेळी विचारायचात, "तो का येत नाही गं?" आणि मी म्हणायचे, इंजिन उघडून ठेवलंय. "मग बसने ये म्हणावं," तुम्ही म्हणायचात, आणि मी विषय गुडघ्यांवर न्यायचे. इंजिन खरंच उघडं होतं, आई. तेवढं खोटं नव्हतं.

तुमच्यासमोर मी त्याला अहो-जाहो करते, घरात कधीच नाही. या पत्रात तेवढं सोडून देते.

मोटरसायकलच्या इंजिनातून टकटक यायला लागली होती. तो म्हणाला, "टॅपेट सेट करायचेत फक्त, घरीच करतो." जिन्याखाली गाडी घेतली, टाकी उतरवली, इंजिनाचं वरचं झाकण काढलं. मी टॉर्च धरून उभी. टॅपेट म्हणजे इंजिनातल्या झडपांचे स्क्रू, ते फिरवायला एक चावी असते, बोटाच्या पेराएवढी. ती त्याच्या हातून सुटली आणि इंजिनातली चेन ज्या फटीतून खाली उतरते, तिच्यात गेली. खोलवरून टिक्‌ असा आवाज आला.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. नुसता फटीत बघत राहिला. मी म्हटलं, "निघेल रे." तो म्हणाला, "हं." फटीत फडकं कोंबलं, कपड्यांच्या पावडरीने हात धुतले, शर्ट बदलला. "जरा जाऊन येतो," म्हणाला. मी दोघांचा स्वयंपाक केला.

तो आला नाही. सुखरूप आहे, हे आधीच लिहायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की काही दिवस कामाच्या गावीच राहतो, काळजी करू नकोस. तेव्हा मी मोरीत पाहिलं, तर दाढीचं सामान नव्हतं. कपाटातले त्याचे स्वेटर नव्हते. शर्ट बदलायच्या वेळात एवढं नेता येत नाही. म्हणजे ते आधीच गेलेलं होतं. चावी पडली नसती तरी तो जाणारच होता. गाडी तेवढी माझ्यासाठी नीट करून ठेवायची होती बहुधा.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. दुकानात मी रोजच्यासारखी लोकांच्या चष्म्यांना राईएवढे स्क्रू बसवते आणि एकही खाली पडत नाही. घरी आले की जिन्याखाली ती उघडी गाडी. एके संध्याकाळी दुकानातला लोखंडी चिमटा आणला, म्हटलं, रोजचंच तर काम आहे. तोही फटीत पडला. चावी काढायला गेले आणि सोबतीला चिमटा देऊन आले.

मग कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, किक तेवढी मारू नका. चेनमध्ये काही अडकलं तर इंजिन गेलंच समजा. लोहचुंबक सोडून बघा. साहेब कुठेत?"

"बाहेरगावी," मी म्हटलं.

लोहचुंबक चेनलाच जाऊन चिकटायचं. ओढून काढायचं, पुन्हा सोडायचं, पुन्हा चिकटायचं. शेवटी पाण्याच्या फिल्टरची जुनी नळी फटीतून तळापर्यंत घातली आणि तारेला बांधलेलं लोहचुंबक तिच्या आतून सोडलं. आधी चिमटा आला. चावीला बराच वेळ लागला. आली ती तेलाने चकचकीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. आनंद व्हायला हवा होता. मी हात पुसले आणि कपडे वाळत घातले.

मेकॅनिकने येऊन टॅपेट सेट केले, झाकण बसवलं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. टकटक नाही. मेकॅनिक गेल्यावर मी तुमच्या मुलाला फोन लावला.

"चावी निघाली," मी म्हटलं.

"बरं झालं."

"गाडी घेऊन जा."

"तूच ठेव. मी येणार नाही आता परत. तुझं काही चुकलं नाही. मला तिथे काही वाटेनासंच झालं होतं. कुठे काहीच वाटत नाही."

मलाही तसंच वाटत होतं, कितीतरी दिवस. मी ते म्हटलं नाही.

"आईला तू सांग," तो म्हणाला. "तुला जमेल तिच्याशी बोलायला."

म्हणून सांगतेय. इंजिनावर झाकण बसलं, आता तुम्हाला द्यायला कारण उरलं नाही. त्याच्यावर रागावू नका असं म्हणणार नाही, रागवा. पण फोन केलात तर आधी जेवलास का ते विचारा. आवाजावरून जेवत नसावा.

तुमच्या चष्म्याची नवी काच तयार आहे. पुढच्या रविवारी घेऊन येते. एकटीच येईन, गाडीवर. जाऊबाईंना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण दार तुम्हीच उघडा. दारात कुणी विचारलं, तो कुठे आहे, तर मला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगता येणार नाही.

सही करताना हात थांबला. सून लिहू की नको, कळेना. तुम्ही नको म्हणेपर्यंत लिहिते.

तुमची
धाकटी सून